घड्याळ घे, मग पळ

मे महिन्यात जटवाडा रस्त्यावर मला चक्कर आली आणि आमच्या घरातली लोकशाही संपली.

चक्कर म्हणजे तरी काय, पाणी कमी प्यायले होते, रविवार म्हणून निघायला उशीर झाला होता आणि ऊन माझ्या अंदाजापेक्षा लवकर चढलं होतं. मी रस्त्याच्या कडेला एका कडुनिंबाखाली बसले. शहाणपणानं बसले, पडले नाही. हा फरक मी पुढं घरात अनेकदा समजावून सांगितला, पण कुणी ऐकून घेतला नाही. शहरात दूध घालून गावाकडं परत निघालेल्या एका दूधवाल्यानं मला पाहून मोटारसायकल थांबवली.

"मावशी, बसा मागं. लई तापलंय. घरी सोडतो."

नको म्हणायची ताकद नव्हती. दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या रिकाम्या कॅनांचा खडखडाट करत मी आमच्या कॉलनीत शिरले, आणि एकूणएक गॅलरीतून ती मिरवणूक बघितली गेली. चक्कर आल्याचं मला फारसं काही वाटलं नाही. त्या खडखडाटाचं मात्र लई वाटलं.

आमचे हे दारातच उभे होते. सिंचन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांचा मुक्काम सकाळी दारातच असतो. तेव्हा त्यांनी लिंबू पिळून दिलं, पंखा वाढवला, उशी आणून ठेवली. संध्याकाळी मात्र पुण्याला मुलीला फोन लावला आणि बापलेकींनी माझ्यासमोरच बैठक घेतली. मी हजर होते, पण मला मत नव्हतं. ठराव झाला: आईनं यापुढं एकटीनं पळायला जायचं नाही. पळायचीच हौस असेल तर हॉलमध्ये ट्रेडमिल आणू.

हॉलमध्ये! टीव्हीसमोर!

एकटीनं पळणं माझ्यासाठी काय आहे ते इथं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा खटाटोप वेडेपणा वाटेल. मी चोपन्न वर्षांची आहे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मोजमापाच्या खोलीत काम करते. कारखान्यातली मोजायची साधनं खरं सांगतात की खोटं, हे तपासणं माझं काम. खोली बारा महिने एकाच तापमानाला गार ठेवलेली, खिडकी नाही. दिवसभर माणसं आपापली साधनं घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, झालं का?" घरी आले की हे विचारतात, "झालं का?" स्वयंपाकाबद्दल. चाळिशी उलटल्यावर मी पळायला लागले, आणि सकाळचा तो एक तास असा निघाला की ज्यात मला कुणी काहीच विचारत नाही. हर्सूलच्या बाजूनं शहर मागं पडलं, डोंगर पुढं आला, की मी कुणाची कुणी नसते. लोक त्याला व्यायाम म्हणतात. मी त्याला माझी मालमत्ता म्हणते, आणि ती मी सुखासुखी सोडणार नव्हते.

"हॉलमध्ये पळून मी पोचणार कुठं? स्वयंपाकघरात?" मी विचारलं.

मग अबोला झाला. आमच्याकडं अबोल्यातही दोन वेळचा चहा होतो, फक्त कप जरा जोरात ठेवला जातो. शेवटी ह्यांनीच तोड काढली. ती मुलीची होती हे उघड होतं, कारण त्यात इंग्रजी शब्द होते.

"हे बघ, ते जीपीएसचं घड्याळ घे. तू कुठं आहेस ते मला घरबसल्या फोनवर दिसलं पाहिजे. दिसलं तर जा एकटी. नाय दिसलं तर ट्रेडमिल. घड्याळ घे, मग पळ."

दुसरी एखादी भांडली असती किंवा रडली असती. मी कामाला लागले. साधन तपासायचं आहे ना, मग ह्या घरात ते काम माझ्याएवढं दुसऱ्या कुणाला येतंय?

आमच्या खोलीत दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. साधनाच्या खोक्यावर काय छापलंय यावर विश्वास ठेवायचा नाही. आणि साधन जिथं वापरायचं तिथंच तपासायचं, टेबलावर नाही. घड्याळांच्या बाबतीत मी तीन प्रश्न ठरवले. मला ते उन्हात, चष्म्याविना, पळता पळता वाचता येतं का? त्याची बॅटरी किती टिकते, खोक्यावर नव्हे, माझ्या हातावर? आणि त्याच्या आतली आज्ञावली, म्हणजे ते सॉफ्टवेअर, माझं काम करतं की मलाच कामाला लावतं?

सुट्टीला आलेल्या मुलीनं स्वतःचं घड्याळ काढून माझ्यापुढं ठेवलं. काय देखणं होतं! काळाभोर पडदा, त्यावर हिरे मांडल्यासारखे आकडे, हात उचलला की आपोआप उजळणारं. हॉलमध्ये ते बघून हे इतके खूश झाले की "हेच घे" म्हणून मोकळे झाले. मी म्हटलं, थांबा. अकरा वाजता गच्चीवर गेले. चष्मा खाली ठेवला, कारण चाळिशीचा चष्मा लावून कुणी पळत नाही. हात पळतानाच्या उंचीवर धरला आणि जागच्या जागी पळत वाचायला लागले. शेजारची बाई वाळवणाजवळ उभी राहून माझ्याकडं बघत होती. बघू दे. आकडे दिसत होते, नाही असं नाही, पण ते दिसावेत म्हणून पडद्याला सगळा जोर लावावा लागत होता, आणि माझा चेहराही त्यात दिसत होता. चोपन्नाव्या वर्षी घामेजलेला आपला चेहरा मध्येमध्ये बघायची मला हौस नाही.

दुसरी अडचण मुलीच्या लक्षात आली आणि ती हसत सुटली. "आई, तू घड्याळ आत का बांधतेस?"

आत म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर. माझी आई तसंच बांधायची, तिच्या मैत्रिणी तसंच बांधायच्या, आमच्या शाळेतल्या सगळ्या बाई तसंच बांधायच्या. कोपर न वळवता वेळ दिसते, काचेला ओरखडे पडत नाहीत. मी जन्मभर तसंच बांधलंय आणि एका घड्याळासाठी मनगट फिरवणार नाही. पण ते देखणं घड्याळ माझ्या आतल्या बाजूला काही केल्या उजळेना. मनगट बाहेरून वळलं की उजळायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. मी हात पालथा करावा, उताणा करावा, झटकावा, ते आपलं मिटलेलं. एक मुद्दा तिथंच कमी झाला.

दुसरं घड्याळ मैत्रिणीचं. ही मूळची सिल्लोडची, इथल्या एका शाळेत गणित शिकवते, रविवारच्या आमच्या पळणाऱ्यांच्या घोळक्यात असते. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधून असं पळते की तरणीताठी पोरं मागं पडतात. तिचं घड्याळ जाड, प्लास्टिकचं, बाजूला बटनं असलेलं, आणि पडदा मळकट. भांडं घासायचं राहून गेल्यासारखा दिसायचा. मी नाक मुरडलेलं तिला दिसलं असावं.

"ताई, सूरत पे नक्को जाव," ती म्हणाली. "इसकू धूप में देखो. आठ दिवस घेऊन जा. माझा घोटा दुखतोय, मी काय पळणार नाही."

मी ते गच्चीवर नेलं आणि खरोखर चकित झाले. त्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही, तो बाहेरचाच उजेड परतवतो. म्हणून ऊन जेवढं कडक तेवढे आकडे ठसठशीत. भर दुपारी ते छापील पानासारखं वाचता येत होतं. पहाटे अंधारात मात्र बटन दाबून दिवा लावावा लागायचा, आणि घरातल्या ट्यूबलाइटखाली ते पुन्हा मळकट. पण मी ट्यूबलाइटखाली पळत नाही. वर एका वेळी किती आकडे दाखवायचे ते ठरवता येत होतं. मैत्रिणीनं गणितवाली म्हणून सहा ठेवलेले. मी दोनच ठेवले, किती अंतर झालं आणि छाती किती धडधडतेय. दोन ठेवले की ते मोठे होतात आणि चष्मा लागत नाही. ही एवढी साधी गोष्ट कुठल्याही जाहिरातीत सांगत नाहीत. ज्यांना चाळिशी लागलीय त्यांनी घड्याळ घेताना रंग किती आहेत ते विचारू नये, एका वेळी कमीत कमी किती आकडे दाखवता येतात ते विचारावं.

मग बॅटरी. मुलीचं घड्याळ रोज रात्री चार्जिंगला लागायचं. आमच्या घरी प्लगाशी आधीच रांग असते: ह्यांचा फोन, माझा फोन, ह्यांचा जुना फोन, जो फक्त भजनं ऐकायला ठेवलाय. त्यात एखाद्या शनिवार-रविवारी आम्ही फुलंब्रीजवळच्या शेतावर जातो, तिथं वीज तिच्या मर्जीनं येते. रोज जेवायला मागणारं घड्याळ मला परवडणार नव्हतं. मैत्रिणीचं आठवडाभर पुरलं, रोज पळूनही. पण एक गोष्ट मला दुकानात कुणी सांगितली नसती, ती मी स्वतः पळून काढली. मी कुठं आहे ते घरी दिसायचं तर ती बातमी घड्याळ थेट पाठवत नाही. ते कमरेच्या पट्ट्यातल्या फोनला सांगतं आणि फोन पुढं कळवतो. घड्याळ ताजंतवानं असलं आणि फोन मेलेला असला, तर तुम्ही घरच्यांच्या लेखी गायब. मग खोक्यावर घड्याळाची बॅटरी कितीही दिवसांची छापलेली असो. त्या दिवसापासून मी फोन पूर्ण भरल्याशिवाय निघत नाही, आणि ह्यांच्या भजनांचा प्लग त्यासाठी मी जप्त केला.

सॉफ्टवेअरचा निकाल कॅनॉटमधल्या एका दुकानात लागला. मैत्रिणीच्या घड्याळाच्या जातीचीच, पण नवी घड्याळं तिथं होती. हे स्टुलावर बसले. विक्रेता उत्साही होता.

"मॅडम, यात झोपेचे गुण मिळतात. ताण किती आहे ते कळतं. गोल्फसुद्धा आहे."

"गोल्फ मी कुठं खेळू? मुकुंदवाडीच्या चौकात?"

ह्यांना हसू आवरेना. विक्रेत्याचा चेहरा पडला, पण मला माझं काम होतं. मी दोन घड्याळं माझ्या फोनला जोडायला लावली आणि ह्यांना सांगितलं, "मला एक मेसेज करा. मराठीत."

ह्यांनी स्टुलावरूनच बराच वेळ टाइप केलं. पहिल्या घड्याळावर रिकाम्या चौकोनांची ओळ आली, जणू कुणी फरशी बसवलीय. दुसऱ्यावर आलं, "संध्याकाळी पिठलं कर." काना-मात्रा जरा सैल झाल्या होत्या, पण पिठलं पोचलं. विक्रेता म्हणाला, हे आजवर कुणी तपासलं नव्हतं. मी म्हटलं, नवऱ्याचा निरोप वाचता येत नसेल तर तो मला शोधणार कसा? आम्ही पिठलंवालं घड्याळ घेतलं.

घरी येऊन मी त्याची जीभ छाटली. ते सारखं बोलायचं. बसलीस, ऊठ. काल कमी झोपलीस. आज विश्रांती घे. मला असं सांगणारी माणसं घरात आहेत, आणखी एक मनगटावर कशाला? सगळे आवाज, सगळ्या थरथरी, सगळ्या सूचना मी एकेक करून बंद केल्या. मग ह्यांच्या फोनवर नकाशा जोडून दिला. नकाशावर एक निळं टिंब. ते टिंब म्हणजे मी.

"हलतंय का?" मी फाटकाबाहेर जाऊन विचारलं.

"हलतंय, हलतंय!" हे आतून ओरडले.

आणि माझा रस्ता मला परत मिळाला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मी डौलात पळत होते. तीनही परीक्षांत पास झालेलं साधन हातावर होतं आणि ते मी निवडलं होतं. ऑफिसात दोघातिघांनी मला विचारून घड्याळं घेतली. मी सल्ला देताना अजिबात संकोच केला नाही. एवढंच की परत आल्यावर हे कधी म्हणायचे, "आज पुलापाशी रेंगाळलीस."

"पेरू घेत होते."

"एवढा वेळ?"

माझ्या मालमत्तेच्या बाजूनं शेजाऱ्यानं खिडकी पाडल्यासारखं मला तेव्हा वाटायचं. पण करार तो करार. खिडकी उघडी ठेवायची आणि आपण तिच्यासमोरून बिनघोर पळायचं, असं मी स्वतःला बजावलं.

डिसेंबरात ह्यांच्या पुतणीचं लग्न फुलंब्रीला झालं. आदल्या दिवशी अंगणात कासार बसवला होता, आणि घरातल्या सगळ्या सुवासिनींना हिरव्या बांगड्या भरल्या. माझे दोन्ही हात कासारानं दाबून दाबून भरले. "काकू, तुमचा हात लई मऊ," असं प्रत्येकीला म्हणत त्यानं एकेक बांगडी चढवली. या बांगड्या कुणी दुसऱ्या दिवशी उतरवत नाही. आपोआप वाढतील तेवढ्या वाढू द्यायच्या. मीही नाही उतरवल्या. लग्नाहून आल्यावर सकाळी बांगड्यांच्या खाली, मनगटाच्या आत, घड्याळ बांधलं आणि निघाले.

थंडी छान पडली होती. बांगड्या पावलागणिक किणकिणत होत्या आणि मला त्याची मजा वाटत होती. लग्नाची गाणी डोक्यात होती. खरं सांगायचं तर मी घड्याळाकडं बघितलंच नाही. डोंगर स्वच्छ दिसत होता, हरभऱ्यावर दव होतं, मी नेहमीपेक्षा पुढं गेले आणि आणखी पुढं गेले.

परत येताना समोरून आमची स्कूटर आली. ती ओळखीची वाटली, वरचा माणूस ओळखू यायला क्षणभर लागला. हे होते. घरातला लेंगा, स्वेटर उलटा घातलेला, शिवण बाहेर, डोक्यावर हेल्मेट नाही. मला बघून त्यांनी स्कूटर रस्त्यातच थांबवली. उतरले नाहीत. नुसते बघत राहिले.

"काय झालं? कोण आजारी आहे का?" मी घाबरून विचारलं.

"तू कुठं होतीस?"

"इथंच. पळतेय ना."

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. निळं टिंब मागं नाल्याच्या पुलावर होतं, आणि तिथंच होतं. मी घड्याळ बघितलं. नोंद थांबलेली. अंतर पुलापाशीच अडकलेलं. मग बांगड्यांकडं लक्ष गेलं आणि सगळा उलगडा झाला: पळताना त्या खाली घसरत होत्या आणि बाजूचं थांबवायचं बटन दाबलं जात होतं. एरवी घड्याळानं थरथरून सांगितलं असतं. पण त्याची जीभ मीच छाटलेली होती. आणि फोन? तो मी पळताना मुका करूनच पट्ट्यात ठेवते. काढून पाहिला तर ह्यांच्या फोनांची रांग.

मला तर हसूच आलं, कारण दोष सापडला की मला बरं वाटतं, सवयच आहे. "अहो, काही नाही हो," मी म्हटलं, "बांगडीनं बटन दाबलं गेलं. बटनांना कुलूप घालता येतं यात. नाहीतर दुसऱ्या हातात बांधते, म्हणजे ते बटन बोटांकडं जाईल. घड्याळात काही दोष—"

"घड्याळात काय दोष नाय गं," हे म्हणाले.

त्यांनी स्कूटर स्टँडला लावली आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. मीही शेजारी बसले.

"टिंब थांबलं," ते म्हणाले. "म्हटलं पेरू घेत असेल. वाट बघितली. हलेना. फोन लावला, लावतच राहिलो, तू उचलेना. मग गाडी काढली. घरापासनं इथपर्यंत येऊस्तोवर मी तुझं दहावंसुद्धा करून आलो."

मी पट्ट्यातली पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"घाटावर उभा होतो. पोरगी होती, सगळे होते. कावळा काय शिवेना. लोक म्हणाले, तिची काहीतरी इच्छा राहिली आसंल, बोला. मी म्हणलं, दागिने पोरीला देतो. नाय शिवला. शेत विकणार नाय म्हणलं. तरी नाय शिवला. मग म्हणलं, बाई, तुला एकटीला पळू देतो, काय म्हणणार नाय. तवा शिवला."

"मेल्यावर कशी पळू देणार होतात?" मी विचारलं. हसायला गेले आणि रडूच फुटलं. मी रस्त्यावर रडणाऱ्यांतली नाही. पण त्या दिवशी हिरव्या बांगड्यांनी भरलेले हात तोंडावर धरून मी खूप रडले, कारण एवढे महिने मी पडदा तपासला, बॅटरी तपासली, चौकोन तपासले, आणि त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस काय बघतोय ते माझ्या एकाही परीक्षेत नव्हतं.

"ते बंद कर," हे म्हणाले. "रोज त्याच्याकडं बघून माझा जीव अर्धा होतो. हलत असलं तरी वाटतं, आता थांबंल. मेपासनं सकाळचा चहा मला गोड लागला नाय. तू जा एकटी. जायचं तिथं जा. मला फक्त दाखवू नको."

ट्रेडमिलविरुद्ध मी केव्हापासून मुद्दे तयार ठेवले होते, त्यातला एकही वापरायची वेळ आली नाही. ज्यासाठी भांडायचं ते समोरून हातात दिलं गेलं होतं, आणि देणाऱ्याचा स्वेटर उलटा होता. तो मी त्यांना तिथंच रस्त्यावर काढायला लावून नीट घालून दिला.

"बस मागं," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून स्वतःच म्हणाले, "नको. पळत ये."

मी पळत आले. ते पुढं गेले, मागं वळून बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवून गेले असावेत, कारण मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी मी ह्यांच्यासमोर त्यांच्या फोनवरून ते टिंब पुसून टाकलं. ते "बरं" म्हणाले आणि पेपर उघडला. मी निघाले. घड्याळ दुसऱ्या हातात, बटनांना कुलूप, आकडे दोनच, ठसठशीत. बांगड्या होत्याच. किती दिवसांनी मी कुणालाही न दिसता पळत होते. रस्ता तोच, डोंगर तोच, आणि मी कुठं आहे हे फक्त मला माहीत होतं. हे मला हवं होतं, अगदी असंच हवं होतं, आणि मला ते खूप आवडलं. ते सांगायला मला लाज वाटत नाही.

जिथून मी परत फिरते तिथं थांबले. पाणी प्यायले. मग कुणी सांगितलं नव्हतं, करारात नव्हतं, तरी फोन काढला आणि ह्यांना मिस्ड कॉल द्यायला बटन दाबलं. उचलायचा नाही, एवढं कुणालाही कळतं. वळले, येतेय, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिकडून कापला गेला.

म्हणजे पेपर नावालाच होता. फोन हातातच धरून बसले होते. मी वळले आणि घराकडं जरा जोरातच पळत सुटले.